पान्हा हातात घेतलेला मास्तर

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या वर्कशॉपला काय रूप येतं ते सगळ्यांनी बघितलंय. लेथला झेंडूचा हार, ड्रिलिंग मशीनला हळदीकुंकू, हातोडी, कानस, पान्हे ओळीनं मांडलेले आणि शेजारी पेढ्यांचा बॉक्स. आपण नमस्कार करतो, पेढा खातो आणि होस्टेलवर परत येतो. त्यानंतर त्या पान्ह्याला हात लागतो तो थेट जॉब सबमिशनच्या आदल्या दिवशी! हत्याराची पूजा वर्षातून एकदा आणि हत्याराची ओळख जवळजवळ नाहीच, अशी आपल्यातल्या बऱ्याच जणांची गत आहे.

म्हणूनच या अंकासाठी अशा एका माणसाबद्दल लिहावंसं वाटलं, ज्याच्याकडे इंजिनिअरिंगची कुठलीच डिग्री नव्हती, पण जो आयुष्यभर यंत्रं उघडून, जोडून आणि वापरून शिकत राहिला. त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. सातारा-कराडकडून रेल्वेनं सांगलीला येणाऱ्या प्रत्येकाला वाटेत किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. पण ते ज्यांच्या नावाचं आहे ते लक्ष्मणराव कोण होते, ते या माळावर का आले, याबद्दल पंपावर छापलेलं नाव सोडलं तर आपल्याला फारसं काही माहीत नसतं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरातलं वातावरण पोथ्यापुराणांचं. पण या मुलाचं लक्ष पाठांतरात कधी रमलं नाही. त्याला दोनच गोष्टींचं वेड होतं, चित्रं काढणं आणि यंत्रांशी खेळणं. त्या काळात अशा घरातल्या मुलानं चित्रकार व्हायचं म्हणणं म्हणजे घरच्यांना धक्काच होता. पण मोठे भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांनी पैशाची सोय केली आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षं बरी गेली आणि मग लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. म्हणजे अंशतः रंगांधळेपणा! चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला याहून मोठा फटका कोणता? आपल्याला एका विषयात केटी लागली तरी आपण आठवडाभर मेसमध्ये कुणाशी बोलत नाही. इथे तर सगळं करिअरच संपलं होतं. पण लक्ष्मणरावांनी गावची गाडी पकडली नाही. रंग कळत नसले तरी रेषा पक्क्या कळत होत्या. त्यांनी रंगकाम सोडलं आणि मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. पुढे त्याच विषयाचे शिक्षक म्हणून त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये.

खरी गोष्ट इथून सुरू होते. ड्रॉइंगच्या मास्तरांनी खडू-फळा सांभाळून घरी जावं, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. पण लक्ष्मणराव मोकळ्या वेळात इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये जाऊन काम करायचे. कागदावर जो गिअर काढतो तो प्रत्यक्षात कसा झिजतो, शाफ्ट कुठे अडकतो, बेअरिंग का तापतं हे त्यांनी हात काळे करून समजून घेतलं. आपल्याकडे शिकवणारा आणि पान्हा चालवणारा ही दोन वेगळी माणसं मानली जात, अजूनही मानली जातात. हा मास्तर दोन्ही झाला.

त्याच सुमारास मुंबईत त्यांनी एका माणसाला सायकल चालवताना पाहिलं आणि ते त्या दोन चाकांच्या प्रेमात पडले. सायकल तेव्हा नवलाईची वस्तू होती. १८८८ मध्ये दोघा भावांनी किर्लोस्कर ब्रदर्स नावानं सायकलचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे आणि रामूअण्णा त्या तिथे विकायचे. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये! म्हणजे मास्तरांचा निदान सव्वा वर्षाचा पगार. नुसती सायकल विकून भागणार नव्हतं, कारण घेणाऱ्याला ती चालवताच येत नसे. म्हणून रामूअण्णा १५ रुपये घेऊन सायकल शिकवायचेही. आणि विकलेली सायकल मोडली की ती दुरुस्त कोण करणार? विलायतेहून मिस्त्री थोडाच येणार होता! त्यामुळे विक्रीबरोबर दुरुस्ती आलीच. पुढे ज्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं त्याला किर्लोस्कर रोड असं नाव पडलं. बेळगावला जाल तेव्हा जरूर बघा.

मला वाटतं, लक्ष्मणरावांचा पुढचा सगळा प्रवास या सायकलच्या दुकानात ठरला. यंत्र विकून टाकलं की आपलं काम संपलं असं नसतं. ते वापरायला शिकवावं लागतं आणि मोडलं तर उभं करून द्यावं लागतं. हे त्यांना कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकानं नाही, गिऱ्हाइकानं शिकवलं.

इकडे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. हातात ना मोठं भांडवल, ना डिग्री. पण यंत्रांची जाण होती आणि आजूबाजूला शेती होती.

पहिलं यंत्र निवडलं ते साधंसुधं, कडबा कापायचं. आपल्यातले जे खेड्यातून आलेत त्यांना हे सांगायला नको. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला तर जनावर पाला खातं आणि जाड धाट तुडवून वाया घालवतं. तोच बारीक कापून घातला तर सगळा पोटात जातो. दुष्काळी भागात चारा वाचणं म्हणजे बैल वाचणं. या यंत्रात एक मोठं जड चाक असतं, त्याच्या आऱ्यांवर दोन वाकडी पाती बोल्टनं कसलेली असतात. दात्यांचे दोन रूळ कडबा पुढे सरकवतात आणि चाक फिरलं की पातं तो तोंडाशी कापतं. गिअर बदलला की तुकड्याची लांबी कमी-जास्त होते. चाक जड का? कारण तेच फ्लायव्हील. एकदा फिरलं की जाड पेंढीतूनही पातं अडकत नाही.

पण या यंत्राचं खरं मर्म पात्याच्या सेटिंगमध्ये आहे. पातं आणि तोंडाची पट्टी यांच्यात फट जास्त राहिली तर धाट कापलं न जाता दुमडतं. फट अगदीच कमी केली तर लोखंडावर लोखंड आपटतं. धार लावायची ती पात्याच्या एकाच, उतरत्या बाजूला. सपाट बाजू घासली की पातं वाया गेलं. गंमत म्हणजे हे सगळं शेतकऱ्याला एक पान्हा आणि एक कानस वापरून स्वतः करता येतं. जुनी कडबाकापणी यंत्रं वर्षानुवर्षं टिकतात ती याचमुळे. ती मोडत नाहीत असं नाही, पण दुरुस्त होतात.

यानंतर लक्ष्मणराव वळले लोखंडी नांगराकडे. १९०३ च्या सुमारास त्यांचा नांगर तयार झाला. आपला पारंपरिक नांगर बाभळीचा, त्याला लोखंडी फाळ. तो जमीन चिरतो पण माती पलटत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोलवर मुळं रोवून बसतात, ती मुळं उपटून वर काढायला माती उलटी व्हावी लागते. लोखंडी नांगराचा वाकडा पत्रा नेमकं तेच काम करतो. विलायती नांगर बाजारात होते, पण महाग होते. लक्ष्मणरावांनी तसाच नांगर इथे बनवायचं ठरवलं.

नांगर बनला, पण खपेना! पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. लोखंडाच्या नांगरानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती असं सगळ्या चरित्रांत वाचायला मिळतं. आपण ते वाचून हसतो. पण जरा शेतकऱ्याच्या बाजूनं विचार करा. लाकडी नांगराचं रुमणं तुटलं तर गावचा सुतार बसवून देतो. फाळ बोथट झाला तर गावचा लोहार तापवून, ठोकून परत टोक काढतो. दोघांनाही बलुतं द्यायचं, रोख पैसा लागत नाही. कारखान्यात बनलेल्या लोखंडी नांगराचा बिडाचा फाळ झिजला तर काय? बीड म्हणजे कास्ट आयर्न. ते लोहाराच्या ऐरणीवर ठोकायला गेलं की तडकतं. मटेरिअल सायन्सच्या पेपरात आपण लिहितोच ना, कास्ट आयर्न ठिसूळ असतं म्हणून! ऐन नांगरटीत फाळ मोडला आणि नवा मिळाला नाही तर पेरणी हुकणार आणि वर्ष बुडणार. त्यामुळे ते दोन वर्षं नकार देणारे शेतकरी सगळेच अडाणी होते असं मला वाटत नाही. विषाची भीती असेलही, पण मोडलं तर पुढे काय, हा सवाल अगदी रास्त होता.

त्याला उत्तर एकच होतं. फाळ चांगला हवा, स्वस्त हवा आणि वेगळा मिळायला हवा. फाळाची तऱ्हा मोठी विचित्र असते. तो सगळा कडक केला तर दगडाला लागून फुटतो आणि मऊ ठेवला तर चार दिवसांत झिजतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये यावर युक्ती काढली होती. साच्याच्या एका बाजूला लोखंडी तुकडा ठेवायचा. ओतलेला रस त्या बाजूला झटकन थंड होतो आणि तिथलं बीड पांढरं, अत्यंत कडक बनतं. दुसरी बाजू सावकाश थंड होते आणि तुलनेनं नरम राहते. मग शेतात चालताना नरम बाजू आधी झिजते आणि कडक बाजूची धार आपोआप टिकते. अशा विलायती मालाच्या तोडीचं ओतकाम बेळगावच्या छोट्या कारखान्यात करायचं म्हणजे भट्टी, साचा, वाळू सगळ्यातच चुका करत शिकणं आलं. लक्ष्मणराव परदेशी मासिकं मागवून वाचायचे आणि ओतशाळेत करून बघायचे. गुगल नव्हतं, सीनिअर्सच्या नोट्स नव्हत्या. हळूहळू नांगर खपू लागला.

आता बस्तान बसतंय असं वाटेपर्यंत नवं संकट आलं. शहराच्या विस्तारासाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. उभा केलेला कारखाना उचलून न्यायचा कुठे? लक्ष्मणराव चाळिशीचे झाले होते. या वयात परत शून्यापासून सुरुवात!

यावेळी धावून आले औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध हे आज सातारा जिल्ह्यातलं गाव, पण तेव्हा ते एका छोट्या संस्थानाची राजधानी होतं आणि संस्थानचा मुलूख तुकड्यातुकड्यांत विखुरलेला होता. आजच्या सांगली जिल्ह्यातलं कुंडलही त्यातच यायचं. औंधमधल्या एका बांधकामाच्या निमित्तानं लक्ष्मणरावांचा आणि राजेसाहेबांचा परिचय झाला होता. चित्रकलेची आवड दोघांनाही होती. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले.

जमीन म्हणजे नुसता माळ. निवडुंगाचं रान आणि त्यात नाग! पाऊस बेताचा, पाण्याची बोंब. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस मानतात. २५ कामगार आणि त्यांची बायकामुलं घेऊन लक्ष्मणराव या माळावर उतरले. आधी निवडुंग तोडला, मग निवारे उभे केले, मग यंत्रं लावली. नुसता कारखाना नव्हे तर कामगारांसाठी सबंध गावच वसवायचं, ही कल्पना त्या काळात आपल्या देशात अगदी नवी होती.

वाडीची माणसंही बघण्यासारखी आहेत. रामूअण्णांनी गावाची व्यवस्था पाहिली. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळला. शंभूराव जांभेकर यंत्रांचे जाणकार. आणि अनंतराव फळणीकर! शाळेच्या परीक्षेत नापास झालेला हा माणूस वाडीत आला आणि नवनवीन यंत्रं रचणारा कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आला. (बॅकलॉगवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही, पण ते घरी दाखवून अभ्यास टाळू नये!) शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी काम दिलं आणि चक्क रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. अस्पृश्यता त्यांनी वाडीत चालू दिली नाही. आज हे लिहायला सोपं वाटतं. १९१० साली ब्राह्मण घरातल्या माणसानं आपल्या गावात हे राबवणं सोपं नव्हतं.

मला याचा आणि त्यांच्या दुरुस्तीच्या सवयीचा जवळचा संबंध वाटतो. ज्याला बिघडलेल्या यंत्रात चालू शकणारं यंत्र दिसतं, त्याला नापास झालेल्या मुलात आणि तुरुंगातून आलेल्या माणसातही उपयोगाचा माणूस दिसत असणार. भंगारात टाकण्याआधी एकदा उघडून बघायचं, हा नियम त्यांनी माणसांनाही लावला.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. विलायती नांगर येणं थांबलं आणि वाडीच्या नांगराची मागणी वाढली. पण लोखंडही मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या, अशी हकिकत आपल्या भागात आजही सांगतात. तोफेचं लोखंड नांगरात उतरलं, ही कल्पनाच किती सुंदर आहे! जुन्या वस्तूचा याहून चांगला पुनर्वापर मला तरी माहीत नाही.

युद्धानंतर वाडीचा पसारा वाढत गेला. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप, लोखंडी फर्निचर. १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याचं हे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून महाराष्ट्रभर पोहोचलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून १९२६ मध्ये परतला. मग पंप आणि डिझेल इंजिनांचं युग सुरू झालं. १९४१ मध्ये लेथसारखी यंत्रं बनवण्यासाठी हरिहरला कारखाना निघाला आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स.

याच काळात साताऱ्याच्या बाजूलाही हेच वारं वाहत होतं. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर तयार होत आणि १९३० च्या दशकात तिथे डिझेल इंजिनंही बनू लागली. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. सातारा-सांगलीच्या पट्ट्यातली विहिरीवरची मोट मागे पडून इंजिनची फटफट ऐकू येऊ लागली, त्यात या दोन्ही कारखान्यांचा वाटा मोठा. आणि जिथे इंजिन गेलं तिथे ते दुरुस्त करणारा मिस्त्रीही तयार झाला. आपल्या भागात तालुक्याच्या प्रत्येक गावी इंजिन-पंप दुरुस्तीचं दुकान सापडतं, त्याचं मूळ इथे आहे.

लक्ष्मणरावांच्या उतारवयात एक मोठा घाव बसायचा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर आपल्या भागात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले, जाळपोळ झाली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्या आगीत होरपळला. ज्या वाडीत जातिभेदाला थारा दिला नव्हता, तिलाच जातीच्या रागानं जाळलं! लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. निवडुंगाच्या रानात उभं केलेलं सगळं डोळ्यांदेखत जळणं काय असेल, याची कल्पनासुद्धा करवत नाही. पण वाडी बंद पडली नाही. राख झाडून यंत्रं दुरुस्त झाली आणि काम परत सुरू झालं. हा भाग १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. कुंडल रोड स्टेशनही किर्लोस्करवाडी झालं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

मित्रांनो, मोठ्या माणसाचं चरित्र वाचलं की आपण त्याला हात जोडतो आणि मोकळे होतो. खंडेनवमीच्या लेथसारखंच! पण लक्ष्मणरावांना देव्हाऱ्यात बसवून उपयोग नाही. त्यांच्यासारखा कारखाना आपल्यापैकी एखाददुसराच काढेल. पण त्यांच्या मुंबईतल्या दिवसांची नक्कल आपण सगळेच करू शकतो, आणि त्यासाठी ४५ रुपयेही लागत नाहीत. घरी गेल्यावर गोठ्यातलं गंजलेलं कडबाकापणी यंत्र, विहिरीवरचं बंद पडलेलं इंजिन, वखारीतली धूळ खात पडलेली चेन सॉ, काहीही चालेल. भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी ते एकदा उघडा. कुठला भाग झिजलाय, का झिजला, धार कुठल्या बाजूला आहे, फट किती आहे ते बघा. चालू झालं तर उत्तमच. नाही झालं तरी मशीन डिझाइनच्या पुस्तकातलं एक चॅप्टर जन्मात विसरणार नाही.

आणि उद्या कंपनीत एखादं यंत्र डिझाइन करायची वेळ आली, तर नांगर घ्यायला तयार नसलेल्या त्या शेतकऱ्याला आठवा. हे मोडलं तर मी काय करू, हा त्याचा सवाल होता. ज्या ड्रॉइंगमध्ये त्याचं उत्तर नाही ते ड्रॉइंग अजून पूर्ण झालेलं नाही, असं समजून पुन्हा बोर्डावर घ्या.